कॉन्सर्ट फॉर जॉर्ज : एका गिटारवादकाला मित्रांनी वाहिलेली स्वरांजली

‘कॉन्सर्ट फॉर जॉर्ज’ ही मैफल २९ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली. ‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक आणि गीतकार-संगीतकार जॉर्ज हॅरिसन यांचा तो पहिला स्मृतिदिन होता. वर्षभरापूर्वी, २९ नोव्हेंबर २००१ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. पत्नी ऑलिव्हिया, मुलगा धनी आणि जिवलग मित्र एरिक क्लॅप्टन यांनी मिळून हा कार्यक्रम उभा केला. रॉक संगीताच्या इतिहासात श्रद्धांजलीच्या मैफली पुष्कळ झाल्या. त्यांत या मैफलीचे नाव आजही आदराने घेतले जाते, आणि त्याचे मुख्य कारण तिच्या आखणीत आहे. गेलेल्या कलावंताची जागा इथे कोणी घेतली नाही. त्याने आयुष्यभर जोडलेली माणसे आणि जपलेल्या आवडी एकेक करून मंचावर आल्या, आणि त्यांतून त्याचे पूर्ण व्यक्तिमत्त्व उभे राहिले.

गिटारवादकाला श्रद्धांजली कशी वाहायची?

कलावंताच्या स्मृतीसाठी मैफल भरवण्याची रीत मराठी रसिकांच्या परिचयाची आहे. सवाई गंधर्व यांच्या निधनानंतर त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव आजही दरवर्षी होतो. तिथे शिष्य आणि इतर कलावंत आपापली कला सादर करतात. घराण्याची परंपरा जिवंत असल्यामुळे तेवढ्यानेच गुरूचे स्मरण होते.

रॉक संगीतात अडचण वेगळी असते. तिथे गाणे आणि त्याचे मूळ ध्वनिमुद्रण श्रोत्यांच्या मनात एकमेकांना चिकटलेले असतात. गाण्याच्या मधोमध येणारा गिटारचा एकल तुकडा, म्हणजे ‘सोलो’, श्रोत्यांना स्वरन् स्वर पाठ असतो. तो जसाच्या तसा वाजवला तर नक्कल वाटते, आणि फार बदलला तर ओळखीचे काहीतरी हरवल्यासारखे वाटते. गिटारवादकाची ओळख केवळ सुरावटीत नसते. तार किती खेचायची, स्वर किती लांबवायचा, कुठे थांबायचे, आवाजाचा पोत कसा ठेवायचा या सगळ्यांत ती असते. त्यामुळे मोठ्या गिटारवादकाच्या स्मृतीसाठी मैफल ठरवताना ‘त्याची गिटार कोणी वाजवायची’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

अशा मैफलींचे साधारण तीन प्रकार दिसतात. एका प्रकारात एखादा बँड मूळ कलावंताची गाणी हुबेहूब वाजवतो. दुसऱ्यात नामवंत गिटारवादक एकामागून एक येऊन आपापल्या शैलीत वाजवतात. टेक्सासचे ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यांच्या स्मृतीसाठी १९९५ साली ऑस्टिन शहरात झालेला कार्यक्रम या प्रकारचा होता. बी. बी. किंग, बडी गाय, बॉनी रेट, रॉबर्ट क्रे, एरिक क्लॅप्टन आणि वॉन यांचे थोरले भाऊ जिमी त्यात वाजवायला होते. तिसऱ्या प्रकारात त्या कलावंताच्या निकटच्या माणसांचा एक मोठा वाद्यमेळ उभा राहतो आणि गाणी सर्वांमध्ये वाटून घेतली जातात. ‘कॉन्सर्ट फॉर जॉर्ज’ या तिसऱ्या प्रकाराचा सर्वांत परिपूर्ण नमुना आहे.

हॅरिसन यांची गिटार

जॉर्ज हॅरिसन यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूल येथे एका कामगार कुटुंबात झाला. कार्ल पर्किन्स आणि चेट ॲटकिन्स या अमेरिकी वादकांचा त्यांच्यावर लहानपणापासून प्रभाव होता. ‘बीटल्स’मध्ये ते वयाने सर्वांत लहान होते. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी ही गाणी रचणारी बलाढ्य जोडी बँडमध्ये असल्यामुळे हॅरिसन यांच्या रचनांना तबकडीवर थोडीच जागा मिळे. गिटारवादक म्हणून मात्र त्यांनी बँडच्या आवाजाला सुरुवातीपासूनच आकार दिला. १९६४ साली त्यांच्याकडे आलेल्या रिकनबॅकर कंपनीच्या बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारचा घंटेसारखा घुमणारा नाद इतर बँडनाही भुरळ घालून गेला. अमेरिकेतील ‘द बर्ड्स’ या बँडने तीच गिटार घेऊन आपला स्वतंत्र आवाज घडवला.

त्यांच्या वादनात वेगाचे प्रदर्शन जवळजवळ नाही. त्यांचे सोलो आखीवरेखीव, मोजके आणि गाण्याच्या सुरावटीला धरून असतात. ‘समथिंग’ या १९६९ सालच्या गाण्यातला सोलो गुणगुणताही येतो, इतका तो गेय आहे.

१९६९ सालापासून ते स्लाइड गिटारकडे वळले. या प्रकारात बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवरून सरकवतात. गिटारच्या दांडीवर स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या पट्ट्या असतात. नळी तारेवरून सरकत असल्यामुळे त्या पट्ट्यांचे बंधन राहत नाही, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर मधल्या सगळ्या श्रुतींना स्पर्श करत जाता येते. भारतीय संगीतात याच क्रियेला मींड म्हणतात. अमेरिकी ब्लूज वादकांची स्लाइड बहुधा खरखरीत आणि आवेशपूर्ण असते. हॅरिसन यांची स्लाइड स्वच्छ, नेमक्या स्वरावर थांबणारी आणि गळ्यातून आल्यासारखी आहे. काही वर्षे सतार शिकलेल्या माणसाचा कान तिच्यात ऐकू येतो. त्यांच्या अखेरच्या ‘ब्रेनवॉश्ड’ या अल्बममधील एका वाद्यरचनेचे नावच ‘मारवा ब्लूज’ आहे. २००४ साली तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मुंबईपर्यंत पोचणारा धागा

हॅरिसन यांनी १९६५ साली ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात सतार वाजवली, तेव्हा त्यांना या वाद्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले नव्हते. १९६६च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये त्यांची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते शिकण्यासाठी मुंबईला आले. ताजमहाल हॉटेलात त्यांचा मुक्काम होता. ओळख लपवण्याचा प्रयत्न करूनही बातमी फुटली, हॉटेलबाहेर चाहत्यांची गर्दी झाली आणि गुरू-शिष्यांना पुढचे शिक्षण काश्मीरमध्ये दल सरोवरावरच्या हाउसबोटीत करावे लागले.

जानेवारी १९६८ मध्ये ते पुन्हा मुंबईत आले. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचा काही भाग त्यांनी इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. संतूरवादक शिवकुमार शर्मा आणि सरोदवादक आशिष खाँ हे त्या संगीतात सहभागी होते. त्याच दिवसांत ‘दि इनर लाइट’ या गाण्याची वाद्यसंगतही मुंबईतच, भारतीय वादकांकडून ध्वनिमुद्रित झाली. हॅरिसन यांनी त्यावर आपला आवाज नंतर लंडनमध्ये चढवला. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मडोना’ या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर हे गाणे प्रसिद्ध झाले. मुंबईत वाजवलेल्या संगीतावर उभे असलेले ‘बीटल्स’चे ते एकमेव गाणे आहे.

सतारीत पारंगत व्हायचे तर बालपणापासूनची साधना लागते, हे ओळखून हॅरिसन १९६८ नंतर पुन्हा गिटारकडे वळले. रविशंकर यांच्याशी असलेले नाते मात्र शेवटपर्यंत टिकले. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांच्या हालांनी व्यथित झालेल्या रविशंकर यांनी मदतीसाठी काहीतरी करण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा हॅरिसन यांनी काही आठवड्यांत ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ उभा केला. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचे दोन खेळ झाले. एखाद्या सामाजिक कारणासाठी नामवंत रॉक कलावंतांनी एकत्र येण्याचा पायंडा त्या कार्यक्रमाने पाडला. १९९७ साली रविशंकर यांचा वैदिक मंत्र आणि प्रार्थनांवर आधारलेला ‘चँट्स ऑफ इंडिया’ हा अल्बम आला, त्याचे निर्माते हॅरिसन होते. त्यांनी मुलाचे नावही ‘ध’ आणि ‘नी’ या दोन स्वरांवरून ठेवले होते.

मैफलीची तयारी

संगीताची सूत्रे क्लॅप्टन यांच्याकडे होती. दोघांची मैत्री १९६०च्या दशकापासूनची. ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ या १९६८ सालच्या गाण्यातला गाजलेला सोलो हॅरिसन यांच्या आग्रहावरून क्लॅप्टन यांनी वाजवला होता. ‘हिअर कम्स द सन’ हे गाणे हॅरिसन यांना १९६९च्या वसंतात क्लॅप्टन यांच्याच घराच्या बागेत सुचले. १९९१ साली हॅरिसन यांनी जपानचा दौरा केला, तेव्हा क्लॅप्टन आणि त्यांचा वाद्यवृंद साथीला होता. ‘इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा’चे जेफ लिन हे दुसरे आधारस्तंभ होते. हॅरिसन यांच्या निधनानंतर अपुरा राहिलेला ‘ब्रेनवॉश्ड’ त्यांनी आणि धनी यांनी पूर्ण केला. मैफलीच्या अकरा दिवस आधी तो प्रसिद्ध झाला होता.

वादकांची निवड ओळखीपाळखीच्या माणसांतूनच झाली. ड्रमवर जिम केल्टनर, बास गिटारवर जर्मन वादक क्लाउस फूरमान, सॅक्सोफोनवर जिम हॉर्न, की-बोर्डवर बिली प्रेस्टन हे ३१ वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या त्या कार्यक्रमात हॅरिसन यांच्याबरोबर वाजवलेले साथीदार होते. क्लॅप्टन, ‘बीटल्स’चे ड्रमवादक रिंगो स्टार आणि रविशंकर हेही तिथे होते. अल्बर्ट ली, अँडी फेअरवेदर लो आणि मार्क मान हे गिटारवादक, तालवाद्ये वाजवणारे रे कूपर आणि मायकेल केमन यांच्या दिग्दर्शनाखालचा तंतुवाद्यांचा ताफा यांनी मेळ पूर्ण झाला. बहुतेक रॉक गाण्यांत एकाच वेळी चार-पाच गिटारी आणि दोन ड्रमसंच वाजत होते. इतक्या वाद्यांची गर्दी झाली तरी गाणे गढूळ होऊ नये म्हणून मूळ ध्वनिमुद्रणांच्या मांडणीशी प्रामाणिक राहायचे ठरले आणि त्यासाठी कसून सराव झाला.

स्थळालाही अर्थ होता. रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ साली उघडला. या गोलाकार सभागृहात सुमारे पाच हजार श्रोते बसतात आणि त्यांची आसने मंचाला सर्व बाजूंनी वेढतात. ‘बीटल्स’ १९६३ साली इथे वाजवून गेले होते. हॅरिसन यांनी एकल कलावंत म्हणून ब्रिटनमध्ये केलेली एकमेव पूर्ण मैफलही ६ एप्रिल १९९२ रोजी याच सभागृहात झाली होती.

आधी गुरुवंदना

मैफलीचा आरंभ गिटारने झाला नाही. पहिल्यांदा ‘सर्वेषाम्’ ही सर्वांचे कल्याण चिंतणारी संस्कृत प्रार्थना झाली. ‘चँट्स ऑफ इंडिया’चा शेवट याच प्रार्थनेने होतो, त्यामुळे गुरू-शिष्यांच्या एकत्रित कामाचा शेवटचा धागाच इथे पहिला म्हणून उचलला गेला. ८२ वर्षांच्या रविशंकर यांनी श्रोत्यांशी चार शब्द बोलून जॉर्ज या सभागृहातच असल्याची आपली भावना व्यक्त केली. त्यांनी स्वतः वादन केले नाही. मंचावरची सतार त्यांची २१ वर्षांची कन्या अनुष्का हिच्या हातात होती.

अनुष्काने ‘युवर आइज’ ही रचना एकल सतारीवर सादर केली. त्यानंतर ‘दि इनर लाइट’ हे मुंबईशी नाते असलेले गाणे जेफ लिन यांनी अनुष्काच्या सतारीच्या साथीने गायले. मग ‘अर्पण’ ही रविशंकर यांनी या प्रसंगासाठी मुद्दाम रचलेली दीर्घ रचना सादर झाली. सुमारे २३ मिनिटांच्या या रचनेत भारतीय वाद्ये, गायकवृंद आणि पाश्चात्त्य तंतुवाद्ये एकत्र होती. त्या सर्वांचे संचालन अनुष्काने केले. एका टप्प्यावर क्लॅप्टन साधी ध्वनिक गिटार घेऊन त्या मेळात सामील झाले. ब्लूजमध्ये वाढलेला वादक भारतीय रचनेच्या शिस्तीत राहून वाजवतो आहे, हे दृश्य हॅरिसन यांनी आयुष्यभर केलेल्या प्रयत्नांना साजेसे होते.

रॉक संगीत ऐकायला आलेल्या हजारो श्रोत्यांसमोर आधी इतका वेळ भारतीय संगीत ठेवणे ही आयोजकांची सर्वांत धाडसी आणि सर्वांत योग्य निवड होती. हॅरिसन यांनी १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये हाच क्रम ठेवला होता. तिथेही रविशंकर आणि सरोदवादक अली अकबर खाँ यांचे वादन आधी झाले आणि रॉक नंतर.

विनोदाचा अंक

भारतीय भाग संपल्यावर ‘माँटी पायथन’ हा विनोदी नटांचा संच मंचावर आला. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते, पण त्यामागे ठोस नाते आहे. १९७८ साली या संचाच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या चित्रपटातून निर्मात्या कंपनीने ऐनवेळी अंग काढून घेतले. तेव्हा हॅरिसन यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून पैसा उभा केला आणि त्यासाठी ‘हँडमेड फिल्म्स’ ही कंपनी सुरू केली. पुढे या कंपनीने ब्रिटिश चित्रपटसृष्टीत मोलाची भर घातली.

मायकेल पेलिन, एरिक आयडल, टेरी जोन्स आणि टेरी गिलियम यांनी आपली जुनी विनोदी गाणी सादर केली. ‘द लंबरजॅक साँग’साठी कॅनडाच्या पोलिसांचा लाल गणवेश घालून उभ्या राहिलेल्या कोरसमध्ये हॉलिवूडचे अभिनेते टॉम हँक्सही होते. ध्यान आणि भक्तीकडे ओढ असलेला हा माणूस मनमुराद हसणाराही होता, हे या अंकाने आठवून दिले.

गाणी कोणी, का गायली

मुख्य रॉक भागात गाण्यांचे वाटप विचारपूर्वक झाले होते. ‘इफ आय नीडेड समवन’ हे बारा तारांच्या गिटारवर बेतलेले गाणे क्लॅप्टन यांनी गायले. ‘प्रोकल हॅरम’ बँडचे गॅरी ब्रूकर यांच्याकडे ‘ओल्ड ब्राउन शू’ हे गाणे होते. ‘हिअर कम्स द सन’ हॅरिसन यांचे शेजारी आणि मित्र जो ब्राउन यांनी गायले. जो ब्राउन यांची मुलगी सॅम आणि पियानोवादक जूल्स हॉलंड यांनी ‘हॉर्स टू द वॉटर’ सादर केले. हॅरिसन यांनी धनी यांच्याबरोबर लिहिलेले हे गाणे निधनाच्या काही आठवडे आधी, ऑक्टोबर २००१ मध्ये, ध्वनिमुद्रित केले होते. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या अखेरच्या गाण्यांत त्याची गणना होते.

टॉम पेटी आणि त्यांच्या ‘हार्टब्रेकर्स’ बँडने ‘टॅक्समन’ घेतले. ब्रिटनमधील तेव्हाच्या भरमसाट करांवर हॅरिसन यांनी १९६६ साली लिहिलेले हे गाणे आहे. त्यानंतर ‘हँडल विथ केअर’ झाले. १९८८ साली हॅरिसन, बॉब डिलन, टॉम पेटी, जेफ लिन आणि रॉय ऑर्बिसन यांनी गंमत म्हणून ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ हा बँड काढला होता, त्याचे हे पहिले गाणे. त्या पाचांपैकी पेटी आणि लिन हे दोघे या वेळी मंचावर होते.

ड्रमवादक रिंगो स्टार यांनी ‘फोटोग्राफ’ निवडले. दुरावलेल्या माणसाच्या छायाचित्राकडे पाहत बसलेल्या माणसाचे हे गाणे रिंगो आणि हॅरिसन यांनी मिळून लिहिले होते. १९७३ साली आलेल्या या गाण्याच्या शब्दांना त्या रात्री नवा अर्थ आला, हे रिंगो यांनीही श्रोत्यांना सांगितले. पाठोपाठ त्यांनी ‘हनी डोंट’ हे कार्ल पर्किन्स यांचे गाणे घेतले. पर्किन्स हे हॅरिसन यांचे कुमारवयातले दैवत होते.

पॉल मॅकार्टनी युकुलेली घेऊन आले. चार तारांचे हे छोटे हवाईयन वाद्य हॅरिसन यांना उतारवयात फार प्रिय होते आणि त्यांच्या घरी जेवणे आटोपली की युकुलेली बाहेर निघत. ‘समथिंग’सारखे भव्य वाद्यमेळाचे गाणे मॅकार्टनी यांनी एकट्याने, त्या एवढ्याशा वाद्यावर सुरू केले. निम्म्यावर क्लॅप्टन यांच्यासह सगळा मेळ त्यात उतरला आणि गाणे मूळच्या विस्ताराला पोचले. कुठलीही नक्कल न करता ओळखीचे गाणे पुन्हा ताजे कसे करता येते, याचा हा उत्तम धडा आहे.

त्यानंतर ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ झाले. ‘बीटल्स’च्या काळात तबकडीवर जागा न मिळालेल्या या गाण्याचे नाव हॅरिसन यांनी १९७० साली आपल्या तीन तबकड्यांच्या अल्बमला दिले होते. तेच गाणे आता मॅकार्टनी यांच्या आवाजात ऐकू आले. पुढच्या ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’मध्ये मॅकार्टनी पियानोवर, रिंगो ड्रमवर आणि क्लॅप्टन गिटारवर होते. १९६८च्या मूळ ध्वनिमुद्रणातही हे तिघे याच वाद्यांवर होते. क्लॅप्टन यांनी मात्र जुना सोलो जसाच्या तसा वाजवला नाही. मूळची वळणे ओळखीची ठेवून त्यांनी तो लांबवत नेला, आणि मैफलीतला गिटारवादनाचा सर्वोच्च क्षण तोच ठरला.

मुलगा आणि वडिलांची जागा

या सर्व गाण्यांत एक व्यक्ती सतत मंचावर होती. २४ वर्षांचा धनी एका बाजूला उभा राहून ध्वनिक गिटार वाजवत होता. त्याचा चेहरामोहरा वडिलांशी विलक्षण जुळतो. त्याला पाहून, जॉर्ज तरुणच राहिला आणि बाकीचे सगळे म्हातारे झाले असे वाटते, हे ऑलिव्हिया यांचे बोल मॅकार्टनी यांनी श्रोत्यांना ऐकवले. तरीही धनीकडे मुख्य गायकाची भूमिका देण्यात आली नव्हती. चेहऱ्याच्या साम्याचा फायदा घेणे सोपे होते आणि श्रोत्यांना ते आवडलेही असते. तो मोह टाळून त्याला वाद्यमेळातल्या एका साथीदाराचे स्थान दिले, यात कुटुंबाची आणि क्लॅप्टन यांची समज दिसते.

हॅरिसन यांच्या स्लाइडचे तुकडे प्रामुख्याने मार्क मान यांनी सांभाळले. ते तुकडे मूळ सुरावटीला धरून वाजले, कारण ते रचनेचाच भाग आहेत. जिथे मोकळीक घेता येत होती, तिथे क्लॅप्टन, अल्बर्ट ली आणि टॉम पेटी यांचे सहकारी माइक कॅम्पबेल आपापल्या हाताने वाजवत होते. लिहिलेला भाग निष्ठेने आणि मोकळा भाग स्वतःच्या शैलीत, या विभागणीमुळे ‘त्याची गिटार कोणी वाजवायची’ हा प्रश्न सुटला.

समारोपाची गाणी

‘माय स्वीट लॉर्ड’ बिली प्रेस्टन यांनी गायले. चर्चमधील गॉस्पेल संगीतात वाढलेल्या प्रेस्टन यांनी १९७० साली हे गाणे हॅरिसन यांच्याही आधी ध्वनिमुद्रित केले होते. ख्रिस्ती स्तुतीचा घोष आणि हिंदू नामजप यांचा मेळ घालणाऱ्या या गाण्याला त्यांचा आवाज स्वभावतःच शोभणारा होता. त्यानंतर सर्व वादकांनी मिळून ‘वा-वा’ वाजवले. पायाने दाबून गिटारच्या स्वरात रडल्यासारखा चढउतार आणणाऱ्या पेडलचे हे नाव. जानेवारी १९६९ मध्ये वादाला कंटाळून ‘बीटल्स’च्या तालमीतून निघून गेल्यावर हॅरिसन यांनी हे गाणे लिहिले होते, आणि १९७१च्या न्यूयॉर्क मैफलीत आपल्या गाण्यांची सुरुवात त्यांनी यानेच केली होती. बँड सोडताना लिहिलेले गाणे उरलेले दोन बीटल्स आता इतरांबरोबर वाजवत होते.

अखेरीस जो ब्राउन युकुलेली घेऊन पुढे आले आणि ‘आय विल सी यू इन माय ड्रीम्स’ हे १९२४ सालचे अमेरिकी गाणे त्यांनी गायले. ते हॅरिसन यांनी रचलेले नाही. त्यांच्या आवडत्या वाद्यावरचे, त्यांच्या आवडत्या जुन्या काळातले ते एक साधे गाणे आहे. गाणे चालू असताना छतावरून गुलाबपाकळ्यांचा वर्षाव झाला.

चित्रपट, ध्वनिमुद्रिका आणि निधी

दिग्दर्शक डेव्हिड लेलँड यांनी मैफलीचे चित्रीकरण केले. छायालेखन ख्रिस मेंजेस यांचे होते. २००३ साली चित्रपटगृहांत आलेल्या आवृत्तीत सराव आणि मुलाखतींचे तुकडे मिसळले आहेत. त्याच वर्षी निघालेल्या डीव्हीडीच्या संचात पूर्ण मैफल क्रमाने पाहता येते. या चित्रपटाला २००५ साली दीर्घ संगीतचित्रफितीसाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मैफलीचे उत्पन्न हॅरिसन यांनी १९७३ साली स्थापन केलेल्या ‘मटीरियल वर्ल्ड चॅरिटेबल फाउंडेशन’ या धर्मादाय संस्थेला देण्यात आले.

ही मैफल प्रथमच ऐकणाऱ्याने पूर्ण आवृत्ती घ्यावी आणि भारतीय भाग वगळू नये. ‘अर्पण’मधील मींडकाम कानात ठेवून पुढे ‘गिव्ह मी लव्ह’ किंवा ‘माय स्वीट लॉर्ड’ यांतील स्लाइड ऐकली, म्हणजे हॅरिसन यांनी सतारीकडून गिटारमध्ये काय आणले ते शब्दांवाचून कळते. त्यानंतर प्रत्येक गाण्याचे मूळ ध्वनिमुद्रण ऐकून तुलना केल्यास कुठे निष्ठा पाळली आहे आणि कुठे स्वातंत्र्य घेतले आहे, हेही लक्षात येते.

पुढच्या काळात मोठ्या गिटारवादकांच्या सन्मानार्थ लंडनमध्ये आणखी मैफली झाल्या. ‘फ्लीटवुड मॅक’चे संस्थापक पीटर ग्रीन यांचा गौरव २०२० साली पॅलेडियम नाट्यगृहात, त्यांच्या हयातीतच झाला. जेफ बेक यांच्या स्मरणार्थ २०२३ साली क्लॅप्टन आणि इतर वादक पुन्हा रॉयल अल्बर्ट हॉलमध्येच जमले. दोन्ही कार्यक्रमांत नामवंतांची दाटी होती आणि वादन उंचीचे होते. ‘कॉन्सर्ट फॉर जॉर्ज’चे वेगळेपण असे की तिच्यात गिटारवादनाइतकीच गुरुवंदना, विनोद, मैत्री आणि दानाची वृत्ती यांना जागा मिळाली. हॅरिसन यांच्या आयुष्यात गिटारचे जे स्थान होते, तेच तिला त्या मैफलीतही लाभले.